डोक्यातलं दुसरं वाक्य

'पॉझिटिव्ह विचार कर' असं कोणी म्हटलं की माझा ताण उलट वाढतो. आधी एक कटकट होती, आता दोन झाल्या: मूळचं काम तर आहेच, वर चेहरा हसरा ठेवायची जबाबदारीही अंगावर आली. तेव्हा या लेखात हसरे विचार सापडणार नाहीत. रोजच्या साध्यासुध्या ताणात डोकं जरा जागेवर आणेल असा विचार कसा निवडायचा, एवढंच सांगणार आहे.

मी ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकण्याचं काम करते. कानाला हेडफोन, समोर पडद्यावर रांगेत थांबलेल्या कॉलचा आकडा आणि पलीकडे बहुतेक वेळा आधीच तापलेला माणूस. या कामात एक गोष्ट रोज दिसते. तक्रार तीच, उशीर तेवढाच, माझं उत्तरही शब्दशः तेच. तरी एक जण म्हणतो, 'तुम्ही लोक मुद्दाम करता हे,' आणि दुसरा म्हणतो, 'बरं, मग कधीपर्यंत होईल तेवढं सांगा.' पहिल्याचा आवाज पुढे चढतच जातो. दुसराही वैतागलेला असतोच, पण त्याचा वैताग उशिराच्या मापाचा असतो. आता हेही खरं की दोघांची परिस्थिती सारखी असेलच असं नाही. एखाद्याचं खरोखर मोठं काम अडलेलं असतं. पण पुष्कळदा फरक पडतो तो त्या उशिराबद्दल माणूस मनाशी काय म्हणाला यानेच.

पहिलं वाक्य आपोआप येतं

अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांना १९६०च्या दशकात रुग्णांशी बोलताना एक गोष्ट जाणवली. रुग्ण मोठ्याने जे सांगतात त्याच्या जोडीला त्यांच्या मनात दुसरंच एक समालोचन चालू असतं. डॉक्टरांना माझा कंटाळा येत असणार, मी काहीतरी मूर्खासारखं बोलतोय, अशा धर्तीची छोटी, तुटक वाक्यं. ती क्षणात येऊन जातात आणि खरी आहेत की खोटी हे कोणी तपासतही नाही. बेक यांनी त्यांना आपोआप येणारे विचार म्हटलं आणि पुढे सगळी उपचारपद्धती त्यांच्यावर उभी केली. आपल्याकडे 'मन चिंती ते वैरी न चिंती' म्हणतात, ते या वाक्यांना अगदी चपखल बसतं.

पहिलं वाक्य निवडायचा अधिकार आपल्याला नाही, हे एकदा मान्य केलं की बरंच ओझं उतरतं. फोन वाजला, पडद्यावर अमुक नाव दिसलं, आणि मनात आलं, 'झालं, आता काहीतरी वाईट बातमी.' आलं तर आलं. असा विचार मनात आलाच कसा म्हणून स्वतःला बोल लावत बसायचं कारण नाही. निवड असते ती त्यानंतरच्या वाक्याची.

मात्र पहिल्या वाक्याला हुसकून लावायला जाऊ नका. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि तरीही तो आला तर समोरची घंटी वाजवायची. घंटी वाजतच राहिली. गंमत पुढे आहे. नंतर त्याच मुलांना अस्वलाचा खुशाल विचार करा म्हटल्यावर, ज्यांना सुरुवातीपासून मोकळीक होती त्यांच्यापेक्षा यांच्या डोक्यात ते जास्त वेळा आलं. 'मला टेन्शन घ्यायचं नाही, घ्यायचं नाही' असं घोकणाऱ्याची गत वेगळी होत नाही. पहिल्या वाक्याला बसू द्या एका कोपऱ्यात. त्याच्याशी भांडायचं नाही, त्याचं ऐकायचंही नाही. फक्त त्याला शेवटचा शब्द मिळू द्यायचा नाही.

आधी शरीर, मग विचार

छाती धडधडत असताना विचार बदलायला बसलात तर काही हाती लागत नाही. त्या वेळी अंगात अ‍ॅड्रेनलिन धावत असतं. काळजाचे ठोके वाढलेले, श्वास वरवरचा, खांदे कानापाशी. मेंदूला सगळीकडे धोकाच दिसतो आणि त्याला 'शांतपणे विचार कर' म्हणणं म्हणजे पळत्या माणसाला हिशेब विचारणं. शिवाय कॉर्टिसॉल नावाचं दुसरं संप्रेरक सावकाश चढतं. ताण सुरू झाल्यापासून साधारण अर्ध्या तासाच्या आसपास ते सगळ्यात वर असतं. म्हणून भांडण संपून वीस मिनिटं झाली तरी आपण मनातल्या मनात वाद घालत असतो आणि भांडताना सुचली नसतील अशी उत्तरं तेव्हा सुचतात. ती उत्तरं त्या वेळी पाठवू नयेत, हा माझा स्वतःपुरता कायदा आहे.

करायचं काय, तर श्वास बाहेर सोडायचा. घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा. चार आकडे मोजत घ्या, सहा मोजत सोडा, असं काही वेळा. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, ती शरीराचीच सोय आहे. आपण फक्त ती जरा लांबवतो. दोन कॉलच्या मध्ये मला जेमतेम काही सेकंद मिळतात. तेवढ्यात एक लांब उच्छ्वास होतो, जबडा सैल सोडता येतो, पायाचे तळवे जमिनीला टेकलेत का ते बघता येतं. बाहेरून कोणाला कळतही नाही. यालाच उपचार समजू नका. ही पुढच्या कामाची पूर्वतयारी आहे.

वाक्य पकडायचं कसं

लोक इथेच अडतात. 'तुला नेमका कशाचा ताण आलाय?' असं विचारलं तर उत्तर मिळतं, 'सगळ्याचाच.' सगळ्याचा ताण कोणालाच हलका करता येत नाही. एक वाक्य हवं, आणि तेही जसं मनात आलं तसं. कागद घ्या, फोनमध्ये लिहा, कुठेही, पण लिहा. नीटनेटकी, शहाण्या माणसासारखी भाषा नको. मनात 'मेले मी आता' आलं असेल तर तेच लिहायचं. 'मला कामाच्या दडपणाची जाणीव झाली' असलं काही लिहिलंत तर ते पकडलेलं वाक्य नव्हे, तो अहवाल झाला.

आणखी एक अडचण फार सामान्य आहे. बरेच ताणाचे विचार प्रश्नाचं सोंग घेऊन येतात. 'आता काय होणार?' 'ती मला असं का म्हणाली?' 'माझ्याच वाट्याला का?' प्रश्न आहे तोवर तो तपासता येत नाही, कारण प्रश्न खराही नसतो आणि खोटाही. तो फक्त गरगर फिरतो. त्यामुळे प्रश्नाखाली दडलेलं उत्तर बाहेर काढायचं. 'आता काय होणार?' याच्या खाली बहुधा असतं, 'माझ्या हातून निभणार नाही.' 'ती असं का म्हणाली?' याच्या खाली, 'तिला मी नकोशी झाले आहे.' हे लिहिताना जरा झोंबतं. पण झोंबलं की समजावं, खरं वाक्य सापडलं. एरवी आपण साप म्हणून भुई धोपटत राहतो. त्रास बहिणीच्या एका वाक्याचा असतो आणि आपण मुलांच्या पसाऱ्यावर ओरडत असतो.

एक निरोप, सावकाश

आता एक उदाहरण नीट उलगडून बघू. संध्याकाळी काम संपवून बॅग उचलली आणि फोनवर सुपरवायझर मॅडमचा निरोप आला: 'उद्या आल्या आल्या भेटा. थोडं बोलायचंय.' बस. ना कशाबद्दल, ना किती वेळ.

माझं पहिलं वाक्य होतं, 'काढून टाकणार मला.' त्याच्या पाठोपाठ आणखी दोन आली: 'त्या दिवशीचा तो कॉल भोवला' आणि 'या वयात मला दुसरीकडे कोण घेणार.' बघा, निरोप आल्यापासून लिफ्टपर्यंत जाईस्तोवर मी नोकरी गमावून बेकारसुद्धा झाले होते.

लिहून काढल्यावर पहिला प्रश्न विचारायचा: यातलं मला माहीत असलेलं किती आणि मी जोडलेलं किती? माहीत होतं ते एवढंच की उद्या सकाळी भेटायचं आहे आणि बोलणं आहे. कॉल भोवला, हा अंदाज. काढणार, हा अंदाजावरचा अंदाज. कोण घेणार, हा त्याच्याही डोक्यावरचा मजला. पायाशी सहा-सात शब्दांचा एक निरोप आणि वर तीन मजली घर. इतकं दिसलं तरी हाताची थरथर जरा कमी होते.

मग दुसरं वाक्य शोधायला लागायचं, आणि हे कपडे घालून बघण्यासारखं आहे. पहिलंच अंगाला बसत नाही. मी आधी म्हणून बघितलं, 'काही नसेल.' पोटातून लगेच उत्तर आलं, 'काही नसेल तर बोलावलं कशाला?' गेलं ते. मग, 'कौतुक करायचं असेल.' यावर मला हसूच आलं. हसू आलं ते बरं झालं, पण विश्वास बसला नाही, म्हणून तेही बाद. तिसरं वाक्य असं जमलं: 'कशाबद्दल आहे ते मला अजून ठाऊक नाही. त्या कॉलबद्दल असेल तर त्याची नोंद माझ्याकडे आहे, ती सकाळी काढून घेऊन जाईन.'

यावर मनातून 'हो, पण' आलं नाही. ताणाला दहापैकी गुण देण्याची मला सवय आहे. निरोप वाचताना तो आठच्या घरात होता, या वाक्यानंतर पाचावर आला. शून्यावर आला नाही. शून्याची अपेक्षा ठेवलीत तर पाचावरही आपण नापास झालो असं वाटतं, आणि त्याचा वेगळा ताण सुरू होतो. पाचावर माणूस जेवतो, घरच्यांशी बोलतो, झोपतो. तेवढ्याचसाठी सगळा खटाटोप.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते मुद्दाम सांगत नाही. सुट्ट्यांचं वेळापत्रक निघालं असतं काय किंवा मेमो मिळाला असता काय, आदल्या संध्याकाळचं वाक्य दोन्ही बाबतीत तितकंच उपयोगी होतं. दुसरं वाक्य म्हणजे भविष्य नव्हे. ते बरोबर आलं की नाही हे निकालावरून ठरवायचं नसतं.

चांगलं दुसरं वाक्य ओळखायचं कसं

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते तुमचं तुम्हाला पटलं पाहिजे. गोड वाक्यं याच चाळणीत गळतात. 'मी खूप खंबीर आहे' हे थकलेल्या माणसाला पटत नाही. 'मी थकले आहे आणि तरी आज सकाळपासूनची कामं झाली आहेत' हे पटतं. शंका असेल तर वाक्य मोठ्याने म्हणा आणि आतून 'हो, पण' येतंय का ते ऐका. आलं तर 'पण' नंतर जे आलं तेही वाक्यात घालून घ्या. बऱ्याचदा त्यानेच वाक्य जमतं.

दुसरं, ते आटोपशीर हवं. 'नेहमी', 'कधीच', 'सगळे', 'कोणीच' हे शब्द आले की वाक्य आपोआप फुगतं. 'माझं कोणी ऐकतच नाही' याऐवजी 'आज दुपारी त्याने माझं ऐकलं नाही.' दुसऱ्या वाक्यातही दुःख आहे, पण ते एका दुपारचं आहे. आणि ते वाक्य बोलून झाल्यावर पुढे करण्याजोगं काही छोटं हाताशी आलं तर उत्तमच: कागद शोधणं, फोन करणं, विचारून घेणं. दर वेळी तसं काही मिळतंच असं नाही. मिळालं नाही तर वाक्य टाकून देऊ नका.

धोका खरंच आहे की नाही, यावर मनाशी वाद घालत बसलात तर मन सहसा जिंकतं, कारण 'झालं तर?' याला उत्तर नसतं. अशा वेळी मी वादाची जागा बदलते. रिचर्ड लाझारस या मानसशास्त्रज्ञाने ताणाची मांडणी दोन प्रश्नांत केली होती: यात मला काही धोका आहे का, आणि असलाच तर त्याला तोंड द्यायला माझ्याकडे काय आहे? ताणात आपण पहिल्याच प्रश्नाला चिकटून बसतो. दुसऱ्याकडे वळा. 'समजा झालंच, तर मी काय करेन?' उत्तर लिहायला लागलं की कळतं, आपल्याकडे माणसं आहेत, थोडा अनुभव आहे, याआधी निभावलेले प्रसंग आहेत. 'होणार नाही' या आश्वासनापेक्षा 'झालं तर अमुक करेन' हे वाक्य मला कितीतरी जास्त टिकाऊ वाटतं.

राग आलेला असतो तेव्हा

चिडचिडीचा ताण जरा वेगळा. तिथे भीतीऐवजी आग्रह असतो. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तिचा गाभाच हा आहे: इच्छा असणं ठीक, पण इच्छेचा हुकूम झाला की माणूस अस्वस्थ होतो. मला कॉलवर याचा पदोपदी प्रत्यय येतो. पलीकडचा ओरडतोय आणि माझ्या मनात आहे, 'याने माझ्याशी अशा आवाजात बोलताच कामा नये.' तत्त्व म्हणून बरोबर आहे. पण तो बोलतोय! जगाने माझा हुकूम मोडला म्हणून मी जगावर चिडले आहे, आणि हेडफोनच्या आत माझेच कान लाल झाले आहेत.

इथे दुसरं वाक्य असं: 'हा नीट बोलला असता तर बरं झालं असतं. बोलत नाहीये. आवाज मोठा आहे, मुद्दा छोटा आहे.' शेवटचा तुकडा मी कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवला आहे. त्याने समोरच्याचं वागणं योग्य ठरत नाही, आणि मर्यादा ओलांडली तर कॉल वरिष्ठांकडे द्यायचा नियमही आहेच. तो मी वापरते. फरक एवढाच की तो वापरताना माझा आवाज कापत नाही.

रांगेत, ट्रॅफिकमध्ये, हळू चालणाऱ्या इंटरनेटसमोर हेच वापरा. फार काही सांगण्यासारखं नाही त्यात.

शांत व्हायची घाई नको

परीक्षा, मुलाखत, चार लोकांसमोर बोलणं, यांच्या आधी धडधड होते तेव्हा 'मी शांत आहे' असं म्हणू नका. कारण तुम्ही शांत नसता आणि शरीराला ते ठाऊक असतं. अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, गाणं म्हणण्याआधी किंवा भाषणाआधी काही जणांना 'मी शांत आहे' असं म्हणायला लावलं आणि काहींना 'मला उत्साह वाटतोय' असं. उत्साहवाल्यांची कामगिरी सरस ठरली. धडधड दोन्हीकडे सारखीच असते, तिला फक्त वेगळं नाव मिळतं. मला स्वतःला 'उत्साह' हा शब्द जरा जड जातो. मी म्हणते, 'अंग तयारीला लागलंय.' हे मला खरं वाटतं, आणि निकष शेवटी तोच.

अशा प्रसंगी स्वतःला नावाने हाक मारूनही बघा. 'मला जमेल का' ऐवजी 'अगं अमुक, तुझी तयारी झाली आहे, पहिलं वाक्य सावकाश बोल,' असं. ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात भाषणाआधी स्वतःशी असं बोलणाऱ्यांना 'मी, मी' करणाऱ्यांपेक्षा कमी त्रास झाला होता. पटायला सोपं आहे. मैत्रिणीला आपण जितक्या शहाणपणाने सांगतो तितकं स्वतःला कुठे सांगतो? फक्त हे मनात म्हणा. लिफ्टमध्ये मोठ्याने म्हटलंत तर लोक बघतात.

रात्रीचे नियम वेगळे

पहाटे तीनला जाग आल्यावर वर सांगितलेलं काहीही करायचं नाही. वाक्य पकडणं नाही, तपासणं नाही, दुसरं शोधणं नाही. त्या वेळी मेंदू अर्धवट झोपेत असतो, अंधारात प्रत्येक गोष्ट दुप्पट दिसते आणि तपासायला बसलात तर पूर्ण जाग येते. रात्री एकच वाक्य पुरतं: 'याचा निकाल दिवसा लावायचा.' उशाशी कागद ठेवा, दोन शब्दांत विषय लिहा, 'मॅडमचा निरोप', 'आईचा रिपोर्ट', आणि कागद उलटा करा. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणातून उठून मंद उजेडात काहीतरी नीरस वाचा, डोळे जड झाले की परत या. अंथरूण ही काळजी करायची जागा आहे अशी सवय शरीराला लागू द्यायची नाही.

पण दिवसा निकाल लावायचा तर वेळ ठरलेली हवी, नाहीतर मनाचा आपल्यावर विश्वास बसत नाही. टॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली सुचवलेला उपाय कानाला विचित्र वाटतो: रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास फक्त काळजी करायची. एरवी काळजी आली की 'संध्याकाळी साडेसहाला' म्हणून पुढे ढकलायची. मी खुर्चीत बसते, कागदावरचे विषय वाचते आणि एकेकाची काळजी करते. बहुतेक वेळा अर्धा तास भरत नाही. सकाळी जे गळ्याशी आलं होतं ते वाचताना 'हे का बरं लिहिलं होतं?' असं वाटतं. उरतात ते एक-दोन खरे विषय, आणि त्यांच्यासाठी वही उघडायची. झोपायच्या तोंडावर मात्र ही वेळ ठेवू नका.

सराव कुठून सुरू करायचा

मोठ्या दुःखापासून नको. घरात कोणी आजारी असताना, नोकरी जायची वेळ आलेली असताना हे पहिल्यांदा करून बघाल तर जमणार नाही आणि 'हे सगळं थोतांड आहे' असं म्हणून सोडून द्याल. चावी सापडत नाही, कोणीतरी मेसेज वाचून उत्तर दिलं नाही, मुलाने तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला, अशा चिल्लर गोष्टींवर हात बसवा. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे आपोआप आलेलं वाक्य, उजवीकडे निवडलेलं. काही दिवसांनी डावी बाजू वाचून काढलीत की मजेशीर गोष्ट दिसेल: तिथे वेगवेगळी वाक्यं फार नसतातच. तीच तीन-चार येत राहतात, कपडे बदलून. माझ्याकडे 'मी पुरी पडणार नाही' हे जुनं गिऱ्हाईक आहे. ओळख पटली की अर्धी लढाई तिथेच हलकी होते. 'आलात का परत' म्हणून पुढे जाता येतं.

उजव्या बाजूची जी वाक्यं कामाला येतात ती जपून ठेवा. ती तुमच्याच बोलीत असू द्या. माझं 'उत्तर उद्या दिलं तरी चालतं' हे वाक्य मला पुष्कळ वेळा वाचवतं. तुम्हाला कदाचित ते आळशीपणाचं वाटेल.

कुठे थांबायचं

डावीकडचं वाक्य तपासलं आणि ते खरंच निघालं तर? पगार खरोखर पुरत नाही, कोणीतरी रोज अपमान करतंय, तीन माणसांचं काम एकाच्या गळ्यात आहे. मग उजवीकडे विचार लिहायचा नाही, काम लिहायचं: कोणाशी बोलायचं, काय नाकारायचं, कुठून बाहेर पडायचं. असह्य परिस्थिती सहन व्हावी म्हणून शांत विचार वापरले, तर ती परिस्थिती आणखी टिकते. वरिष्ठांनी 'तुम्ही मनावर घेऊ नका' म्हटलं की मी सावध होते. पुष्कळदा ती मनावर घेण्यासारखीच गोष्ट असते.

आणि काही ताण घरगुती उपायांच्या पलीकडचे असतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक बिघडलेली आहे, कशातच रस वाटत नाही, अचानक छातीत धडधडून जीव घाबरा होतो, दारू किंवा गोळ्यांचा आधार लागतोय, तर डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जगणं नको वाटायला लागलं असेल तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा आणि मदत घ्या. वही-पेन घेऊन बसू नका. छातीत दुखत असेल तर तो ताणच आहे असं घरी बसून ठरवू नका.

शेवटी, हे तंत्र शिकलेले लोक ते लगेच घरच्यांवर वापरायला लागतात. नवरा घरी येऊन कपाळाला हात लावून बसला आणि तुम्ही म्हणालात, 'हा फक्त तुझा अंदाज आहे, पुरावा काय?' तर त्या संध्याकाळी दोन माणसांना ताण येईल. त्याचं दुसरं वाक्य त्यालाच सापडू द्या. आपण फार तर विचारायचं, 'नुसतं ऐकू, की काही सुचवू?' 'नुसतं ऐक' असं उत्तर आलं, तर फोन बाजूला ठेवून ऐकायचं.